हिराजीकाका आणि खोटी वायर

एचडीएमआय केबलची टोकं खरंच सोन्याची आहेत का, हे तपासायला सोनाराकडे गेलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. खोक्यावर 'गोल्ड प्लेटेड' असं छापलेलं होतं. हिराजीकाकांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, अर्थ विचारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती केबल कापडी पिशवीत घालून जुन्या पनवेलच्या बाजारात आपल्या नेहमीच्या सोनारासमोर जाऊन बसले. सोनाराने आधी वायरीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. त्याच्या बापजाद्यांनी काकांच्या घरचे दागिने घडवलेले, त्यामुळे त्याला हसायचीही सोय नव्हती. त्याने ते टोक मुकाट्याने कसोटीवर घासलं. दगडावर काहीही उमटलं नाही.

"बगा मास्तर," काका संध्याकाळी मला म्हणाले, "सोनं लिवलंय, आनि दगडाला पिवला डाग नाय."

तो मुलामा इतका पातळ असतो की दगडाला त्याचा पत्ताही लागत नाही, असं मी समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग लिहायचं कशाला?

काका आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या बरोबर वर. मी खारघरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळतो. वायर जोडणं, तोडणं आणि ती तशी का जोडली नाही म्हणून पोरांवर खेकसणं हा माझा धंदा. म्हणून मी मास्तर. काका मूळचे बेलपाड्याचे. शेती नव्या शहराच्या पोटात गेली, तेव्हा त्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरी धरली आणि तीस वर्षं तिथे काढली. ट्रक काट्यावर चढला की त्याचं वजन करायचं आणि चिठ्ठी फाडायची, एवढंच काम. पण एवढ्याशा कामात माणूस किती प्रकारांनी फसवू शकतो, ते काकांकडून ऐकावं. भंगारावर पाणी मारून आणतात. तळाशी दगड भरतात. भरलेल्या गाडीचं वजन करताना केबिनमध्ये चार माणसं अंग चोरून बसतात, आणि रिकाम्या गाडीच्या वेळी ती चारही उतरून चहाला जातात, जाताना स्टेपनीही काढून नेतात. काकांनी हे सगळं पकडलं होतं. पकडता पकडता त्यांची नजरच तशी झाली. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीत आत काहीतरी दडवलेलं आहे, हे ते गृहीत धरूनच चालत.

"आदी खाली गाडी दाखवा," हे त्यांचं पालुपद. खाली गाडी म्हणजे रिकामी गाडी. आधी तिचं वजन कळलं तरच भरलेल्या गाडीतला माल किती ते कळतं. काकांनी हा न्याय सगळ्या जगाला लावला होता. आंब्याची पेटी आली की आधी पेंढा काढून तोलायचा. विमा एजंट आला की त्याला विचारायचं, तुझा स्वतःचा विमा कुठे आहे तो दाखव. मी भाड्याने राहायला आलो त्या दिवशी ते टेम्पोजवळ उभं राहून माझं सामान उतरताना पाहत होते. मी नमस्कार करून कॉलेजचं नाव सांगायला लागलो, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, नोकरीचं मागाहून सांगा, घरी कोण कोण आहे ते आधी सांगा. मला ते जरा लागलं होतं. माझं कॉलेज मी बऱ्यापैकी अभिमानाने सांगत असे.

या माणसाच्या घरात एकच गोष्ट अशी होती, जिच्याकडे त्यांनी संशयाने कधी पाहिलं नाही. ती म्हणजे चांगुणाकाकी.

काकी धवलारीण. आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याआधी मंडप धवलारणीचा असतो. ती धवले गाते आणि त्या गाण्यांवर एकेक विधी पुढे सरकतो. गाण्यात घरातल्या माणसांची नावं गुंफायची असतात. नवऱ्याचा मामा कोण, थोरली आत्या कोण, कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर. एखादी चुलती सुटली तर तिचा रुसवा पुढच्या लग्नापर्यंत पुरतो. काकींच्या तोंडून एक नाव सुटलेलं कोणाला आठवत नव्हतं. खारघरपासून उरणपर्यंत त्यांना बोलावणी यायची.

ही नावं पाठ ठेवायची काकींची एक रीत होती. ज्या लग्नात गायच्या, त्या घरून त्या व्हिडिओची डीव्हीडी मागून घ्यायच्या. शोकेसमध्ये बरण्यांच्या मागे अशा कितीतरी तबकड्या होत्या. दुपारी जेवणं झाली की काकी त्यातली एक लावून बसायच्या. एका भावकीत एक लग्न झालं की वर्षा-दोन वर्षांत दुसरं येणारच, तेव्हा तोंडं बघून ठेवायची. बघता बघता पुटपुटत, ही अमक्याची मोठी सून, हा तमक्याचा साडू. मी एकदा बसून पाहिलं आहे. आमच्या कॉलेजच्या परीक्षेला एवढी तयारी कोणी करत नाही.

मी राहायला आलो त्या सुमारास घरोघरी मोठे चपटे टीव्ही येत होते. काकांनीही घेतला, सोबत नवा डीव्हीडी प्लेअर घेतला, आणि दोघांना जोडायला खोक्यातून एक एचडीएमआय केबल निघाली. पहिले काही महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी काकी म्हणाल्या, "तोंडां पुसल्यासारी दिसतान."

काकांनी तिथल्या तिथे खटला चालवला आणि वायरीला दोषी ठरवलं. त्यांचा तर्क असा. टीव्ही समोर दिसतो. प्लेअरचं झाकण उघडून आत पाहता येतं. वायर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलेली. आणि झाकलेल्या मालातच दगड असतात, हा तीस वर्षांचा अनुभव.

मग सुरू झाली वायरींची चौकशी. बाजारात असलमभाईंचं टीव्ही-रेडिओचं दुकान आहे, तिथून काकांनी दुसरी केबल आणली. ती किचनच्या काट्यावर खोक्यासकट तोलली, मग खोक्याशिवाय तोलली, आणि असलमभाई खोक्याचं वजन विकतात असा निष्कर्ष काढला. तिसरी केबल जाड, वरून जाळीचं विणकाम असलेली. तिला लोहचुंबक लावून पाहिलं, कारण आत तांबं असेल तर चिकटणार नाही, लोखंड असेल तर चिकटेल. चिकटलं नाही. तरी मनाची खात्री होईना म्हणून त्यांनी ती सरळ सुरीने मधोमध कापली. आत तांब्याच्या तारा निघाल्या, केसासारख्या बारीक. कळंबोलीत असलं तांबं आम्ही झाडून टाकायचो, असं म्हणून ते दोन तुकडे घेऊन ती परत करायला गेले. असलमभाई शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, आधी सांगा, ही मी विकली तेव्हा एक होती का दोन?"

त्या संध्याकाळी काका तुकडे घेऊन माझ्याकडे आले आणि मी त्यांचा वर्ग घेतला. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच पाहत होतो. घरात शिरल्या दिवसापासून या माणसाने माझ्या शिक्षणाचं वजन कधी केलंच नव्हतं. मी कागदावर आकृती काढली. पूर्वीची ती पिवळी, लाल, पांढरी पिन होती ना, तिच्यातून चित्र पाण्यासारखं वाहत यायचं, तेव्हा वायर वाईट म्हणजे चित्र गढूळ. या नव्या वायरीतून चित्र आकडे होऊन येतं. आकडे नीट पोचले तर सगळं चित्र स्वच्छ दिसतं. नाही पोचले तर पडदा काळा होतो, लुकलुकतो, चांदण्या पडतात. पण तोंडं पुसट करणं या वायरीला येतच नाही. दाखवेल तर पूर्ण दाखवेल, नाही तर काही दाखवणार नाही.

काका त्या दिवशी नेहमीसारखे भांडले नाहीत. कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे अर्दं दाखवायचं तिला जमतच नाय?"

नाही जमत, मी म्हटलं.

"नक्की?"

नक्की, मी छाती काढून सांगितलं. काका उठले, चहासुद्धा न घेता खाली गेले. आपण जिंकलो असं मला वाटलं, आणि मी बायकोला तसं सांगितलंही.

आठवड्याभरात काकांच्या घरात नवी केबल आली. निळ्या रंगाची. पंधरा दिवसांनी आणखी एक, लाल. मी जिन्यावरून जाता-येता ऐकत होतो. काका आत मोठमोठ्याने बोलत असायचे. सगला बाजार चोर हाय, ही बी वायर खोटी निगाली, आता वाशीवरून आनतो, बगतोच कसा दिसत नाय ते. एवढं मोठ्याने ते पूर्वी कधी बोलत नसत. चोर पकडला की ते उलट आवाज खाली आणायचे.

मला राग आला. इतकं शास्त्र ओतलं ते पालथ्या घड्यावर पाणी. रागापाठोपाठ संशय आला, कारण संशय हा रोग संगतीने लागतो. सोसायटीतही कुजबुज होती. कोणी म्हणे, काका वायरींचं दुकान टाकणार. कोणी म्हणे, म्हातारपणामुळे डोक्यावर परिणाम झालाय. मी असलमभाईंकडे जाऊन सहज म्हणून चौकशी केली. असलमभाईही बुचकळ्यात पडलेले होते. काका आता काही तपासत नाहीत, ते म्हणाले. लोहचुंबक नाही, काटा नाही, खोकं फोडायचंसुद्धा नाही. येतात आणि म्हणतात, मागच्यापेक्षा वेगळ्या रंगाची द्या. "मास्टरजी, कांद्याची गोणी झटकून तोलणारा माणूस हो हा. न बघता माल घेतो म्हणजे कुछ तो गडबड है."

मलाही तेच वाटलं. आणि माझ्यासारख्या माणसाला गडबडीचा वास आला की तो उकरायला जातो.

एका रविवारी दुपारी मी कॉलेजातली केबल घेऊन खाली गेलो. आदल्या दिवशी यंत्रावर लावून तपासलेली, अगदी खणखणीत. आता काकांच्या समोर, काकींना साक्षीला ठेवून, हा विषय कायमचा मिटवायचा होता. काका दार उघडून माझ्या हातातल्या वायरीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, राहू द्या मास्तर, ती आता पडलेय जरा. पण काकी आतून म्हणाल्या, कोन, बाला का, ये की. काकींना मी बाळाच होतो. त्या टीव्हीच्या इतक्या जवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या की गुडघे टेबलाला लागत होते.

मी जुनी वायर काढली, माझी लावली. काकींनी एक तबकडी दिली, महिन्यापूर्वीच्याच एका लग्नाची. चित्र आलं, आणि काय चित्र होतं. मुंडावळ्यांचे मणी मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. पडद्यावर लाल फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा एक माणूस कॅमेऱ्याकडे बघून हात जोडत होता.

"काका, आता तरी कबूल करा," मी म्हटलं. "वायरीत तसूभर खोट नाही. काकी, तुम्हीच सांगा. दिसतंय ना स्वच्छ?"

काकी पुढे वाकल्या. मान डावीकडे कलली, मग उजवीकडे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दिसतंय की. नवरीची आत्या नं ती? लाल शालू नेसलेय."

मी त्या मिशांकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं.

काका पुढे झाले. ही बी वायर खोटी हाय, असं भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले आणि माझं मनगट धरून मला बाहेर पार्किंगमध्ये घेऊन आले. दोन गाड्यांच्या मधे आम्ही उभे राहिलो. त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. एरवी ते मला अहो-जाहो करत. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"तू वायरीचं सांगितलंस ना, त्याच दिवशी मना समजलं," ते म्हणाले. "वायर अर्दं दाखवत नाय, तर मग अर्दं कोन बगतंय?"

दुसऱ्याच दिवशी ते काकींना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते. मला मोतीबिंदूची शंका आहे, तू सोबत चल, आलीसच आहेस तर तुझेही दाखवून घे, असं सांगून. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. डोळ्याचा पडदा आतून सुकत चालला होता. कडेचं दिसेल, रंग दिसतील, पण जिथे बघायचं तिथलंच पुसट होत जाणार. चष्म्याने, ऑपरेशनने काही व्हायचं नाही. काकांचा विश्वास बसला नाही, बसणारच नव्हता. ते कागद घेऊन एकटेच आणखी दोन डॉक्टरांकडे गेले.

"तीन काट्यांवर वजन केलं," ते म्हणाले. "एकच आलं."

काकींना त्यांनी सांगितलं, तुझे डोळे बेस आहेत, वायरच खोटी आहे. काकींची आईसुद्धा धवलारीण होती. तिची नजर गेली तशी तिने मंडपात जायचं बंद केलं. ज्याचं तोंड दिसत नाही त्याचं नाव कशी गाऊ, असं म्हणाली. घरात बसली ती उठली नाही, वर्षाच्या आत गेली. काकींनी ते डोळ्यांदेखत पाहिलं होतं. आता वैशाखात त्यांची दोन लग्नं ठरलेली होती.

"ती दोन लग्नं होऊंदे," काका म्हणाले. "मग मी सांगतो तिला. तीस वर्सं काट्यावर कोनाला खोटी चिठ्ठी नाय फाडली. ही पैली. तू नको बोलू."

मला फार लाज वाटली. मी काकांपुढे दोनदा ज्ञान पाजळलं होतं. पहिल्यांदा त्यांच्या हातातली शेवटची आशा काढून घेतली होती, कारण वायर खोटी असेल हीच ती आशा होती. दुसऱ्यांदा काकींसमोर जवळजवळ सगळंच फोडलं होतं. मी काकांच्या हातावर हात ठेवला. ते तोंड फिरवून एका गाडीच्या टायरकडे बघत राहिले. मी एकटाच आत आलो.

पडद्यावर लग्न चालूच होतं. मी टीव्हीच्या मागे गेलो, वायरीचं टोक काढलं, फुंकर मारून परत बसवलं आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, "काकी, काकांचं बरोबर आहे. आमच्या कॉलेजलाही बनावट माल मिळालाय. मी दुसरी शोधतो."

"शोद की," काकी म्हणाल्या. "येल तवा येल. तंवर तू बस हितं. कोन कोन आलंय, तेवडं सांग मना."

"काकी, मी यातलं कोणालाच ओळखत नाही."

"नाव मी घेते. तू नेसलंय काय, करतंय काय, तेवडंच सांग."

मी खाली चटईवर बसलो आणि सांगू लागलो. हिरवी नऊवारी, उंच बाई, डाव्या हाताने ताट धरलंय. डाव्या हाताने म्हणजे ती कमळी, काकी म्हणाल्या, नवऱ्याची धाकटी चुलती. बुटकी, जांभळी साडी, हसताना तोंडावर हात धरते. ती गोमी, पुढचे दात पडलेत म्हणून धरते. कोणी पाठीला बाक काढून उभा, कोणी सारखा घड्याळ बघतोय. काकींचं एकही नाव अडत नव्हतं. मला रंगत यायला लागली.

मग कॅमेरा फिरून मंडपाच्या मध्यावर आला. तिथे काकीच होत्या, चौरंगाशी बसून गात होत्या. आणि त्यांच्या मागे, बायकांच्या घोळक्यात अवघडून बसलेला एकमेव पुरुष होता. कोणी नवं माणूस पुढे आलं की तो ओणवा होऊन काकींच्या कानाशी लागायचा, आणि परत सरळ व्हायचा. मी बोलायचा थांबलो.

"काय रं, गप का झालास?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही गाताय. मागे एक जण बसलाय, सारखा तुमच्या कानात काहीतरी सांगतोय."

काकींनी दाराकडे मान वळवली. दारात कोणी नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यो तुजा काका. नावं सांगत असतो मना. मना आवाजावरून सगली समजतात रं, पाठ हायत. पन सांगूंदे त्यांना."

काकींनी माझ्या खांद्याला बोट लावलं.

"पुडं कोन आलं, ते सांग."

पुढे एक म्हातारी आली होती, पांढरं लुगडं, हातात तांदूळ. मी तसं सांगितलं.